दोन फाटकं

पहाटे पाचला साळू बाहेर, तितरी आत.
साडेसातला तितरी बाहेर, साळू आत.
मध्ये पत्र्याची दोन फाटकं, आणि त्यांच्यामध्ये
एक माणूस जेमतेम मावेल एवढी बोळकंडी.
त्या बोळकंडीत मी.
एक कडी बसल्याचा आवाज आल्याशिवाय
दुसरीला हात लावत नाही.

दीड वर्ष झालं.
त्याआधी दोघी एकाच पोत्यावर झोपायच्या,
आई आणि लेक,
जतच्या माळावरच्या दोन लांब सावल्या.

भाकरीवरून नाही, जागेवरूनही नाही.
तितरी माजावर यायला चार दिवस होते,
उंबऱ्यात दोघींची खांद्याला खांदा गाठ पडली
आणि साळूनं नुसतं पाहिलं.
कुत्र्या खरंच भिडल्या की भुंकत नाहीत,
हे मला तेव्हा कळलं.
आवाज सगळा माणसांचा होता.

दिरानं गळपट्ट्याला हात घातला, अंगठा फाटला.
मी घागर ओतली, काही नाही.
शेवटी घोंगडं टाकलं दोघींच्या तोंडांवर,
मागचे पाय उचलून एकीला मी ओढलं, एकीला पोरानं,
हातगाडी ओढावी तशी, उलटं.
साळूच्या मानेला चौदा टाके.
तितरीचा डावा कान आता झेंड्यासारखा, दोन टोकांचा.

कुल्लोळी डॉक्टर सुई धुताना म्हणाले,
"आता एकत्र नको. बघू जमतंय का, हे तर अजिबात नको."

कट्ट्यावर हसले लोक.
बायकांची जातच तसली म्हणे, जावाजावांसारखी.
माझी जाऊ सुंद्रा आणि मी बावीस वर्षं एका चुलीवर,
एकमेकींचा गळा कधी धरला नाही.
फार तर मीठ जास्त टाकलं.

गेल्या थंडीत सांगलीहून एक गाडी आली.
पांढरे बूट, माळावर उतरले तसे लाल झाले.
"तितरीला तुमच्याच वाघ्याखाली द्या,
रक्त पक्कं राहील. सगळी पिल्लं माझी,
मागाल तो आकडा."
वाघ्या तिचा भाऊ, म्हणाले मी.
"कुत्र्यात कसलं आलंय भाऊबीण?"

मी वही आणली. सासऱ्यांची, नंतर माझी.
कोणाचा बाप कोण, कोण लंगडं निघालं,
कोणतं पिल्लू सहाव्या दिवशी गार पडलं,
कोण चावलं, कशावरून, किती खोल.
साळूच्या आईच्या पानावर बोट ठेवलं.
तिनंही बहिणीला फाडलं होतं.
सासऱ्यांनी ते लिहिलं आणि तरी पिल्लं घेतली.
देखणी होती ना.

जे मी रोज दोन कड्यांमध्ये उभी राहून अडवते
ते पंचवीस हजाराला कुणाच्या लेकराच्या अंगणात सोडू?

ते गेले. शेतातल्या कांद्याचे पैसे त्या वर्षी आलेच नव्हते,
हे घरात कुणी बोललं नाही,
पण ताटं वाढताना ऐकू येत होतं.

दोघींची ऑपरेशनं केली. टाके सुकले, माज गेला,
राग गेला नाही.
कुणी सांगितलं होतं शांत होतील.
वहीत तेही लिहिलं.

एक पिल्लू मात्र परत आलंय, आधीच्या वेतातलं.
घेताना लिहून दिलं होतं त्यांनी,
जमलं नाही तर विकायचं नाही, इथंच आणायचं.
मानेवर साखळीचा वळ घेऊन आलं.
आता ते जितराबात झोपतं, शेळ्यांना टेकून.

पोरगा म्हणतो, आई, एक दिवस विसरशील.
विसरेनच. माणूस आहे.
म्हणून फाटकावर खडूनं लिहिलंय, आत कोण ते.
म्हणून दोन कड्या, आणि वर तार.
आणि तरीही अंधारात हात कडीवर ठेवून
मी मोठ्यानं विचारते,
कोण गं आत?

पत्र्यावर शेपूट वाजतं.
सावकाश, दोनदा वाजलं तर साळू.
थांबतच नाही, ती तितरी.